फ्रेंच सीफूड खायला गोव्यात जाताय? या चुका टाळा

आम्ही सावंतवाडीचे. मासे आम्हाला कोण शिकवणार, या तोऱ्यात पाच जण गोव्यातल्या एका भारी फ्रेंच रेस्टॉरंटात जाऊन बसलो. मेनूवर ‘आंत्रे’ दिसलं. तेच जेवण समजून प्रत्येकाने एकेक मागवलं आणि प्रत्येकाच्या पुढ्यात मोजून तीन कोलंब्या आल्या. अमेरिकन मेनूत आंत्रे म्हणजे मुख्य पदार्थ, फ्रेंचमध्ये मात्र सुरुवातीचा. मुख्य पदार्थाला ‘प्ला’ म्हणतात. आणि पदार्थ माणशी एक येतो. मध्ये ठेवून वाटून खायचं असेल तर आधीच सांगून ठेवा.

दुसरी फजिती बुयाबेसची. ही मूळ फ्रान्सच्या मार्से बंदरातल्या कोळ्यांची, न खपलेल्या काटेरी माशांची आमटी. आता तिचा थाट असा की १९८० साली तिथल्या रेस्टॉरंटवाल्यांनी सनद केली आणि ठरावीक माशांपैकी निदान चार जातींचे त्यात असलेच पाहिजेत असं ठरवलं. पद्धतीने वाढली तर आधी नुसता रस्सा येतो, मासे वेगळ्या ताटात. आम्ही ‘यात मासाच नाही’ म्हणून वेटरला बोलावलं. तोवर बाबांनी भातही मागवला होता. तसं करू नका. भाजलेल्या पावाला लसूण-केशराची ‘रूय’ फासून तो रश्श्यात सोडा. पाव भिजला की भाताची आठवण येत नाही. (बाबांना आली.)

सोल म्यूनिएर मागवलात तर ‘जरा तिखट करा’ म्हणू नका. रवा नाही, मसाला नाही. मैद्यात घोळवून लोण्यात तळलेला मासा, वर लिंबू आणि पार्सली, एवढंच. आईने पहिला घास घेतला नि म्हणाली, “लेपच हा. हळद लावूक इसारले.” तिचं चुकलं नाही, सोल आणि लेप एकाच चपट्या गोतातले. म्हणूनच आधी विचारा, बाहेरून बर्फात आलेला सोल आहे की इथलाच लेप. लेप असेल तर भाव त्या हिशेबाने बघा.

कच्ची कालवं लिंबू पिळून देतात. आपण ती शिजवून खातो ते उगाच नाही. कुठल्या पाण्यातली, कधी काढलेली, हे कळल्याशिवाय हात लावू नका. गर्भारपणात किंवा यकृताचा आजार असेल तर नकोच.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते. तेव्हा ‘आजचा ताजा सुरमई’ म्हणाले तर भुवई उंचवा आणि खाडीचं काय आहे ते विचारा. बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावला असेल तर काढायला सांगा. २०२२ च्या केंद्रीय सूचनांनुसार तो सक्तीचा नाही.

अख्खा मासा टेबलाशी आणून काटे काढून देतो म्हणाले तर खुशाल हो म्हणा, पण डोकं ताटातच ठेवायला सांगा. आम्ही सांगितलं नाही, ते आत गेलं. बांदा येईपर्यंत गाडीत बाबांचा विषय तोच होता.