शाळा सुटल्यावरच्या वर्गात जगभरची तालवाद्यं, वर्कशॉप कसं घ्यायचं

संध्याकाळी पाच-साडेपाचला मुलं शाळेतून थेट येतात, दमलेली आणि भुकेली, म्हणून आधी खाऊ-पाणी आणि मगच वाद्यं. हे उलटं केलं की दहाव्या मिनिटाला निम्म्या पोरांचं लक्ष डब्याकडे असतं.

एका बॅचला २० मुलं आणि ४५ मिनिटं पुरे. प्रत्येकाला जेंबे (हाताने वाजवायचा आफ्रिकन ढोल) पाहिजे असं अजिबात नाही, आमच्याकडे ६ जेंबे, २ काहोन (वर बसून वाजवायचं खोकं), एक घुमट (गोव्याचं मातीचं वाद्य) आणि बाकी सगळ्या भिंतीच्या रंगाच्या २० लिटरच्या रिकाम्या बादल्या, स्वच्छ घासून घेतलेल्या. बादली उपडी ठेवायची आणि एका बाजूने खाली चप्पल सरकवायची, आवाज एकदम मोकळा होतो, चप्पल काढून परत वाजवून बघा लगेच कळेल. दर सात-आठ मिनिटांनी सगळ्यांनी एक जागा पुढे सरकायचं, मग "मला जेंबे, मला जेंबे" ही भांडणं होत नाहीत.

वाजवायच्या आधी अंगठ्या, कडी, बांगड्या, घड्याळं सगळं काढून एका डब्यात. चामडं फाटतं ते यानेच, आणि हातालाही लागतं.

जेंबे पश्चिम आफ्रिकेतला, माली-गिनीकडचा, त्याला बकरीचं कातडं असतं. मुलं तो सरळ जमिनीवर उभा ठेवतात आणि मग म्हणतात ताई घुमतच नाही, कसा घुमेल, खालचं तोंड बंद झालं ना! बुटक्या स्टुलावर बसवा, गुडघ्यांत धरायला सांगा आणि थोडा पुढे कलवा. मग बोल, पण आधी तोंडाने. मधे तळवा म्हणजे "धुम", काठावर बोटं म्हणजे "ता". "धुम धुम ता ता" तोंडाने पक्कं झाल्याशिवाय हात लावू देऊ नका, तबल्याच्या क्लासला आधी बोल पाठ करून घेतात तेच इथे. चापटी मारून निघणारा "चट" पहिल्या महिन्यात नकोच, पोरं जोर लावतात आणि बोटं लाल होतात.

थांबायची खूण पहिल्या पाच मिनिटांत शिकवा. जेंबेच्या मेळात मुख्य वादक एक ठरलेला तुकडा वाजवतो आणि त्यावर सगळे सुरू होतात किंवा थांबतात, तेच आपण करायचं, ओरडायचं नाही, वीस वाद्यांवर ओरडून कुणाचाच आवाज पोचत नाही. दोन आठवड्यांनी हा तुकडा वाजवायचं काम मुलांनाच द्या, पाळीपाळीने.

तालात मला सगळ्यात आवडतो क्यूबाचा क्लावे. १ ते १६ मोजायचं, पाय १, ५, ९, १३ वर आणि टाळी १, ४, ७, ११, १३ वर. ४ आणि ७ ला सगळे गडबडतात कारण पाय एकीकडे टाळी दुसरीकडे, पण १३ वर दोन्ही परत एकत्र पडतात आणि तिथे त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं की सापडलं. घाई करू नका, याला दोन-तीन वर्ग गेले तरी चालतील.

वाद्य कुठलं, कुणाचं हे सांगाच, पण भाषण नको, हात वाद्यावर असताना दोन वाक्यं. काहोन पेरूमधल्या गुलाम केलेल्या आफ्रिकन लोकांनी खोक्यांवर वाजवायला सुरुवात केली तिथून आला, हे ऐकल्यावर आमची मुलं त्या खोक्यावर नुसती बसायची ती नीट हात लावून बघायला लागली. आणि घुमट आणाच! गोव्यात गणपतीच्या आरतीला वाजतो तो मातीचा, पूर्वी घोरपडीचं कातडं लावायचे, आता घोरपडीला कायद्याचं संरक्षण आहे म्हणून बकरीचं. उघड्या तोंडावर डावा तळवा झाकत-उघडत आवाज बदलतो. नायजेरियातल्या इग्बो बायकांचा उडू पण मातीचाच, मडक्यासारखा, त्यालाही भोकावर हात झाकून-उघडून असाच घुमारा काढतात. दोन्हींचा आवाज लागोपाठ ऐकवा, उडू मिळाला नाही तर रेकॉर्डिंग चालेल.

बॅच शक्यतो दिवाळीनंतर सुरू करा आणि परीक्षांच्या आधी संपवा. पावसाळ्यात चामडं ढिलं पडतं, जेंबे बसका वाजतो आणि मुलांना वाटतं आपलंच चुकतंय. तरी जुलैत घ्यायचाच असेल तर बादल्या आणि काहोनवर भर द्या, आणि जेंबे भिंतीला टेकवून नाही, कापडी पिशवीत घालून कोरड्या कपाटात ठेवा.