साक्षीला उभं राहण्याआधी: बेळगाव भागातल्या तरुण मानसशास्त्रज्ञांसाठी

खानापूर तालुक्यातल्या एका माणसाची मी तपासणी केली होती. बांधावरून भावकीत भांडण झालं, कोयता चालला, आणि बचाव पक्षाचं म्हणणं असं की त्या वेळी तो भानावर नव्हता. त्याची बहीण मला म्हणाली होती, "अक्का, त्या दिवशी तेचं डोकंच फिरलं हुतं." साक्षीत मी ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. जबानी कानडीत टंकित होत होती. डोक्याला 'तले', फिरण्याला 'तिरुगु', असा शब्दाला शब्द बसत गेला आणि कागदावर उमटलं 'तले तिरुगित्तु'. कानडी येणाऱ्या कुणालाही विचारा, याचा अर्थ होतो चक्कर आली. चार वाजून गेले होते, पुढचा साक्षीदार ताटकळत होता, मी न वाचता सही केली. नक्कल हातात आली तेव्हा चूक दिसली. तोवर युक्तिवादात सांगून झालं होतं की तज्ज्ञ बाईच म्हणतात, आरोपीला नुसती चक्कर आली होती.

ती चूक माझी. त्यानंतर साक्षीला जाण्याची माझी रीत बदलली. मी शहापूरची, टिळकवाडीत माझं क्लिनिक आहे. चन्नम्मा सर्कलजवळच्या कोर्टात आता अनेकदा उभी राहिले आहे. खानापूर, चिकोडी, निपाणीलाही जाऊन आले. नवी मुलं-मुली समन्स घेऊन माझ्याकडे येतात, घाबरलेली असतात. त्यांना समोर बसवून जे सांगते तेच इथे लिहिते.

तुम्ही नेमके कोण म्हणून जाताय?

पहिला हल्ला पदवीवर होतो. "तुम्ही डॉक्टर आहात का?" पीएचडी असेल तर सांगा की ती मानसशास्त्रातली आहे, मी औषधं लिहून देत नाही, मी मानसोपचारतज्ज्ञ नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या आहे आणि ती भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेशी जोडलेली आहे. तुमचा नोंदणी क्रमांक चालू आहे ना, नूतनीकरण राहिलं नाही ना, हे समन्स आल्या दिवशी पाहा. फक्त एमए करून समुपदेशन करणाऱ्यांनी निदानाची भाषा वापरू नये. तुमचं काम कमी प्रतीचं म्हणून नव्हे. एका प्रश्नात ते निदान कोसळतं आणि ज्याच्यासाठी गेलात त्याचंच नुकसान होतं.

त्याहून मोठा प्रश्न असा, की तुम्ही त्या माणसावर उपचार करत होता की कोर्टासाठी तपासणी केली? या दोन भूमिका एका डोक्यावर घेऊ नका. उपचार करताना मी रुग्णाच्या बाजूची असते, त्याचं दुःख खरं मानूनच पुढे जाते. तपासणी करताना मला शंका घ्यावी लागते, ढोंगाची शक्यता धरावी लागते, शेजाऱ्यांकडून, शाळेकडून पडताळणी करावी लागते. वर्षभर ज्या बाईचे अश्रू पुसले तिच्याच घटस्फोटात तटस्थ तज्ज्ञ म्हणून मत द्यायचं, हे जमत नाही. अशा वेळी साक्ष द्यावीच लागली तर जे पाहिलं, ऐकलं, जे उपचार केले तेवढंच सांगा. मुलाचा ताबा कुणाला, यावर मत मागितलं तर सांगा, मी उपचार करणारी आहे, ते मूल्यमापन मी केलेलं नाही.

वकिलाचा फोन आला, "मॅडम, फाइलची झेरॉक्स पाठवा जरा," तर पाठवू नका. गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे आणि तो २०१७ च्या कायद्यात लिहिलेला आहे. कोर्टाचा लेखी आदेश किंवा समन्स येऊ द्या. फी घ्या, ती तपासणीच्या आणि वेळेच्या हिशेबानं घ्या, आधी ठरवून घ्या. निकालावर अवलंबून एक रुपयाही घेऊ नका. कोर्टात विचारलं तर आकडा सरळ सांगा.

अहवालात कुणाचे शब्द?

पूर्वी आपण पुरावा कायद्याच्या कलम ४५ खाली तज्ज्ञ होतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे, त्यात हे कलम ३९ झालं. नंबर बदलला, अपेक्षा तीच राहिली. मताबरोबर मताची कारणंही महत्त्वाची, हे कायदाच सांगतो. सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्ये हिमाचल प्रदेश राज्य विरुद्ध जय लाल या खटल्यात स्पष्ट केलंय की न्यायाधीशाला स्वतः पारखून पाहता येईल असे शास्त्रीय निकष त्याच्यापुढे ठेवणं हे तज्ज्ञाचं काम. म्हणून अहवालात नुसतं "मध्यम स्वरूपाचं नैराश्य" लिहून भागत नाही. किती वेळा भेटलात, किती तास, कोण हजर होतं, कोणती चाचणी, कुठल्या भाषेत, गुण किती, त्यावरून काय म्हणता येतं आणि काय म्हणता येत नाही, हे सगळं कागदावर हवं.

भाषेवर मी हट्टानं थांबते, कारण आपल्याकडे सगळी गफलत तिथेच होते. माणूस येळ्ळूरचा, घरी मराठी. पोलिसाचा जबाब कानडीत. इस्पितळाचा कागद इंग्रजीत. माझा अहवाल इंग्रजीत. कोर्टाची नोंद पुन्हा कानडीत. एकाच माणसाचं मन तीन भाषांतून गाळून न्यायाधीशापर्यंत पोचतं, आणि प्रत्येक गाळणीत काहीतरी अडकून राहतं. "जीव घाबरा होतोय" याचं "भीती वाटते" केलंत तर छातीतली धडधड गेली. "मनाला लागलं" याचं "दुःख झालं" केलंत तर अपमानाचा डंख गेला. "अंगात येतंय" हे तर फारच जपून हाताळायला हवं. सौंदत्तीच्या यल्लम्माला पिढ्यान्‌पिढ्या जाणाऱ्या घरात पौर्णिमेला अंगात येणं ही रीत असते. तिला एकदम भ्रमाचं लक्षण ठरवणं चूक, आणि रीत आहे म्हणून खऱ्या आजाराकडे कानाडोळा करणंही चूक. घरच्यांना विचारा, हे नेहमीचं येणं आहे की या वेळी काही वेगळं होतं? किती वेळ टिकलं? नंतर जेवण, झोप, काम पूर्ववत झालं का?

म्हणून नियम करा: महत्त्वाचं वाक्य आधी बोलणाऱ्याच्या भाषेत, देवनागरीत किंवा कानडी लिपीत, अवतरणात. त्याखाली त्याचा अर्थ. मग तुमचं मत. या तीन गोष्टी एकमेकींत मिसळू देऊ नका.

चाचण्यांचंही तेच. बुद्ध्यांक मोजणारी बिने-कामत चाचणी आपल्या भागात अजून वापरतात. व्ही. व्ही. कामतांनी कानडी आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी बिनेच्या मापनाचं रूपांतर केलं, त्याचा लेख १९३४ चा. दोन्ही भाषांची मुलं डोळ्यांसमोर ठेवून केलेलं हे काम बघून मला आजही भरून येतं. पण वकील विचारणारच, "नव्वद वर्षांपूर्वीच्या मुलांवरून आजच्या मुलाचं माप काढलंत?" उत्तर अहवालातच तयार हवं: चाचणीची मानकं जुनी आहेत, म्हणून आकड्यावर एकट्यावर विसंबलेली नाही, शाळेची वही, रोजचे व्यवहार आणि वागण्यातलं कौशल्य तपासून मग मत दिलं आहे.

हिंडलगा तुरुंगात तपासणी केली असेल तर तिथली परिस्थिती लिहा. टेबल होतं का, शिपाई दारात उभा होता का, मध्येच किती वेळा उठावं लागलं. कैद्याला गोळ्या चालू होत्या का, रात्री झोप झाली होती का. असं लिहिल्यानं अहवाल कमकुवत होईल, अशी भीती नव्यांना वाटते. मी उलट अनुभव घेतला आहे: आपणच लिहून ठेवलेली मर्यादा समोरच्याला हत्यार म्हणून वापरता येत नाही.

प्रकरणाप्रमाणे प्रश्न बदलतो

भारतीय न्याय संहितेचं कलम २२, म्हणजे जुनं दंड संहितेचं ८४, वेडाच्या बचावाचं. इथे आजार आहे का, एवढाच प्रश्न नसतो. कृत्याच्या क्षणी, त्या आजारामुळे, आपण काय करतोय हे किंवा ते चूक आहे, बेकायदा आहे हे त्याला कळत नव्हतं का, हा प्रश्न असतो. आणि आपण बहुधा कित्येक महिन्यांनी त्याला भेटतो. त्यामुळे "आज स्किझोफ्रेनियाची लक्षणं आहेत" आणि "त्या दिवशी होती" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. दुसऱ्यासाठी त्या काळातले कागद हवेत, आधीचे उपचार हवेत, घटनेच्या आधी-नंतर पाहिलेली माणसं हवीत. दीर्घ निरीक्षण लागणार असेल तर धारवाडच्या डिम्हान्ससारख्या मानसिक आरोग्य संस्थेत ते व्हावं, असं अहवालात सुचवायला संकोच करू नका. आणि "त्याला शिक्षा होऊ नये" हे वाक्य तुमच्या तोंडून कधीच यायला नको. ते न्यायाधीशाचं आहे.

सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अत्यंत गंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम १५ खाली प्राथमिक मूल्यमापन होतं. तसं करण्याची त्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता होती का, परिणाम कळण्याची समज होती का, आणि कोणत्या परिस्थितीत ते घडलं, हे पाहायचं असतं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हे मूल्यमापन करणाऱ्या बाल न्याय मंडळात बालमानसशास्त्र किंवा बालमनोविकारशास्त्राची पदवी असलेलं कुणी नसेल तर तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागेल. म्हणजे आपल्यावरची जबाबदारी वाढली. नुसता बुद्ध्यांक काढून परत येऊ नका. आणि मुलाकडून कबुली काढू नका. हा खटला नव्हे. कणबर्गीचा असो की कणकुंबीचा, पोराला त्याच्या घरच्या बोलीत विचारा. कानडीत "गोत्तिल्ल", माहीत नाही, म्हणून गप्प बसलेला पोरगा मराठीत तासभर बोलताना मी पाहिला आहे.

ताब्याच्या दाव्यात दोन्ही पालकांना भेटल्याशिवाय कुणाहीबद्दल मत नको. आईनं सांगितलेलं "आईच्या सांगण्यानुसार" म्हणूनच लिहा. बाप तपासणीला आलाच नाही, तर "वडिलांची तपासणी झालेली नाही" हे वाक्य पहिल्या पानावर घाला. बाल लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात "मूल खरं बोलतंय" असं प्रमाणपत्र देऊ नका. मूल काय म्हणालं, कोणत्या प्रश्नावर म्हणालं, त्याच्या वयाला ती भाषा साजेशी आहे का, कुठली लक्षणं दिसली, इथपर्यंतच आपली हद्द.

पिंजऱ्यात

काही सरकारी तज्ज्ञांचे अहवाल त्यांना न बोलावताही पुराव्यात घेता येतात. त्या यादीत आपण नाही, त्यामुळे जावं लागतं. मूळ चाचणीपत्रकं न्या, नुसते टाइप केलेले कागद पुरत नाहीत. कागद पाहून आठवण ताजी करायची परवानगी मागता येते, पण जो कागद तुम्ही पाहाल तो समोरच्या वकिलालाही पाहायचा हक्क आहे. दुसऱ्या रुग्णांच्या नोंदी असलेली डायरी चुकूनही बरोबर नेऊ नका.

सरतपासणी, म्हणजे ज्या बाजूनं बोलावलं तिच्याच वकिलाचे प्रश्न, सोपी जाते. उलटतपासणीत मी सुरुवातीला फार बोलायची, वकील गप्प राहिला की पोकळी भरायला स्पष्टीकरण द्यायची. आता विचारलं तेवढंच सांगते, न्यायाधीशांकडे बघून सांगते, आणि टंकलेखकाचा हात थांबेपर्यंत पुढचं वाक्य बोलत नाही.

उलटतपासणीत वकील आपलं म्हणणं विधान करून तुमच्यापुढे ठेवतो, त्याला सूचना म्हणतात. कानडीतल्या सूचनांची एक ठेवण आहे, तिची सवय करून घ्या. लांबलचक विधान, आणि शेवटी "...एंदरे सरी?", म्हणजे "असं म्हटल्यास बरोबर?" विधानात आधीच एक नकार असेल तर हो-नाहीचा घोळ होतो. "तुम्ही चाचणी नीट घेतली नाही म्हटल्यास बरोबर नाही?" याला नुसतं "हो" म्हणालात तर काय नोंदलं जाईल, सांगता येत नाही. पूर्ण वाक्यात उत्तर द्या: "मी चाचणी नियमाप्रमाणे घेतली." विधानाचा अर्धा भाग बरोबर आणि अर्धा चूक असेल तर तोडून सांगा. प्रश्न कळला नाही तर मराठीत किंवा इंग्रजीत सांगायची विनंती करा. आपल्या कोर्टांत बरेच न्यायाधीश ती समजून घेतात. "तुमच्या अभ्यासात चूक होऊ शकते ना?" याला "होऊ शकते, म्हणून मी एकाच चाचणीवर थांबले नाही" हे उत्तर खरं आहे आणि पुरेसं आहे. ठाऊक नसेल तर "याबद्दल मी तपासणी केलेली नाही" म्हणा आणि गप्प राहा. ती शांतता सहन करायला शिकावं लागतं.

सहीआधी

जबानी संपली की ती साक्षीदाराला वाचून दाखवायची, हे कायद्यातच आहे; भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, त्याचं कलम ३१३. जबानी ज्या भाषेत उतरली ती तुम्हाला कळत नसेल, तर कळणाऱ्या भाषेत समजावून द्यायची. तुम्ही एखादा भाग चुकीचा म्हणालात तर न्यायाधीश दुरुस्ती करतात, किंवा तुमच्या हरकतीची नोंद करतात. हा हक्क मागायला लाजू नका. कितीही उशीर झालेला असो, वकील घड्याळ बघत असोत, प्रत्येक पान वाचा. ज्या मूळ वाक्यांवर तुमचं मत उभं आहे ती वाक्यं बोट ठेवून शोधा.

मागच्या पावसाळ्यात तोच शब्द पुन्हा आला. कडोलीची एक म्हातारी सुनेबद्दल जे बोलली होती ते मी साक्षीत सांगत होते, आणि कागदावर पुन्हा 'तले तिरुगित्तु' उतरलं. मी उभी राहिले, नम्रपणे म्हटलं, साहेब, इथे चक्कर नाही, संताप आहे. न्यायाधीशांनी टंकलेखकाला थांबवलं, मला विचारलं, कानडीत काय लिहू? मी म्हटलं, "कोप बंतु," राग आला, आणि शेजारी कंसात मराठी शब्दही राहू द्या. त्यांनी दोन्ही घालायला सांगितलं. मग मी सही केली.