कोकणातल्या रानवाटांसाठी रिव्हॉल्व्हर निवडताना

ज्यांच्याकडे स्वसंरक्षणासाठीचा शस्त्रपरवाना आहे, आणि ज्यांना खेड तालुक्यातल्या रसाळगड-सुमारगड-महिपतगडासारख्या आडवाटा चालण्याची किंवा हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यालगतच्या सड्यांवर (जांभ्या कातळाच्या उघड्या पठारांवर) तंबू ठोकून राहण्याची सवय आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. दुकानात जाऊन हत्यार हातात घेण्यापूर्वी दोन गोष्टी पक्क्या कराव्या लागतात: ते कुठे नेता येते, आणि त्याच्याकडून कोणते काम होते.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात पूर्वलेखी परवानगीशिवाय कोणतेही शस्त्र घेऊन प्रवेश करता येत नाही. शस्त्रपरवाना खिशात असला तरी त्यामुळे ही अट सुटत नाही. म्हणजे रायगडातले फणसाड, पनवेलजवळचे कर्नाळा किंवा घाटमाथ्यावरचे चांदोली येथे जायचे असेल, तर रिव्हॉल्व्हर घरच्या कुलपातच राहिले पाहिजे. परवान्यावर लिहिलेले वैधतेचे क्षेत्र, काडतुसांची मर्यादा आणि मुदत प्रत्येक सहलीआधी पुन्हा वाचावी. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याचा आदेश निघाला, तर त्या दिवसांतली भटकंती शस्त्राविनाच करावी.

आता कामाविषयी. भारतात .३८, .४५५ किंवा ९ मिलिमीटर या बोअरची (नळीच्या आतल्या मापाची) शस्त्रे सामान्य परवानाधारकाला मिळत नाहीत, त्यामुळे रिव्हॉल्व्हर म्हटले की व्यवहारात .३२ बोअरच समोर येते. अमेरिकेत अस्वलांच्या प्रदेशात फिरणारे लोक १९३५ साली आलेले .३५७ मॅग्नम किंवा १९५५ च्या सुमाराचे .४४ मॅग्नम निवडतात, आणि तिकडचा सल्ला वाचून आपल्याकडेही तशीच अपेक्षा ठेवली जाते. ही तुलना आपल्या उपयोगाची नाही. .३२ ची सुमारे सहा ग्रॅमची शिशाची गोळी सेकंदाला दोनशे मीटरच्या थोड्या वरच्या वेगाने सुटते आणि तिची ऊर्जा दीडशे ज्यूलच्या आसपास असते; .४४ मॅग्नमची ऊर्जा याच्या कित्येक पट असते. आंबोलीच्या किंवा तिलारीच्या बाजूला वाटेत येणारा गव्याचा नर हजार किलोपर्यंत भरू शकतो. त्याच्यावर अशी गोळी झाडणे म्हणजे जाणाऱ्या जनावराला जखमी करून अंगावर घेणे होय. रानडुकराचेही तेच आहे. कायदा प्राण वाचवण्यासाठी केलेल्या कृतीला सूट देतो. मात्र आपण नाइलाजाने व सद्भावनेने वागलो हे नंतर दाखवता यावे लागते. फुरसे आणि घोणस या विषारी सापांसाठी तर घोट्यावर चढणारे बूट, हातात बॅटरी आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचा ठाऊक असलेला रस्ता याच गोष्टी उपयोगाच्या. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, .३२ रिव्हॉल्व्हर हे माणसाकडून जिवावर बेतेल अशा प्रसंगासाठीचे अगदी शेवटचे साधन आहे, आणि जनावरांपासून सुरक्षितता मिळते ती उजेड, चाहूल, सोबत आणि अंतर यांतूनच.

एवढे मान्य असेल, तर निवडीचे निकष सोपे होतात. कोकणात पहिला निकष धातूचा. खारा वारा, घाम आणि जून ते सप्टेंबरची ओल यांपुढे काळ्या झिलईचे साधे पोलाद फार काळ टिकत नाही. माझ्या ओळखीच्या एका परवानाधारकाने गुहागरच्या घरात रिव्हॉल्व्हर चामडी होल्स्टरसकट कपाटात ठेवले आणि गणपतीच्या आधी बाहेर काढले, तेव्हा चक्रीवर (काडतुसांची घरे असलेल्या फिरत्या भागावर) व नळीच्या बाजूला तांबूस ठिपके बसलेले होते. चामड्यात ओल धरून राहते आणि ती सरळ धातूला भिडते. कानपूरच्या कारखान्यात २०१४ साली तयार झालेले ‘निर्भीक’ हे टायटॅनियम मिश्रधातूचे, साधारण पाचशे ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्व्हर या दृष्टीने किनाऱ्यावर उजवे ठरते, शिवाय चढणीवर कमरेला कमी जड लागते. तिथलेच जुने पोलादी .३२ रिव्हॉल्व्हर सातशे ग्रॅमच्या आसपास भरते. ते वाईट नाही, पण त्याची रोज पुसपास करण्याची तयारी हवी. टायटॅनियम गंजत नसले तरी आतल्या स्प्रिंगा आणि स्क्रू यांची काळजी दोन्हींत सारखीच घ्यावी लागते.

दुसरा निकष आपल्या हाताचा. विक्रेत्यासमोर, शस्त्र रिकामे असल्याची स्वतः खात्री करून आणि नळी सुरक्षित दिशेला ठेवून, घोडा (काडतुसावर आपटणारा मागचा दांडा) न चढवता चाप पूर्ण ओढून पाहावा. बोटाच्या पेराने तो ओढताना नळी हलत असेल, तर ते रिव्हॉल्व्हर कितीही नामांकित असले तरी आपल्यासाठी नाही. मूठ घामेजल्या हातात फिरते का, तेही पाहावे, कारण आपल्याकडे कोरडा हात डिसेंबर-जानेवारीतच मिळतो. आखूड नळी सुटसुटीत असते, पण नेम धरणे अवघड करते. साधारण तीन इंची नळी हा मला योग्य मध्य वाटतो. वापरलेले रिव्हॉल्व्हर घेत असाल तर घोडा चढलेला असताना चक्री बोटाने हलवून पाहावी. ती डगमगत असेल तर घरे नळीच्या रेषेत येत नाहीत, आणि असे शस्त्र झाडणाऱ्यालाच इजा करू शकते. जुन्या बनावटीत घोड्याला अडवणारी सुरक्षा-पट्टी नसेल, तर घोड्याखालचे घर कायम रिकामे ठेवावे.

होल्स्टर चामड्याचे घेऊ नये. चापाभोवतीची कडी पूर्ण झाकणारे, वर पट्टी असलेले कृत्रिम, टणक होल्स्टर घ्यावे आणि ते पिशवीच्या कमरपट्ट्याखाली दबणार नाही अशा जागी बांधावे. पाठीवरच्या सॅकमध्ये रिव्हॉल्व्हर सुटे टाकणे मला सर्वांत धोक्याचे वाटते, कारण मुक्कामाला पोचल्यावर सॅक कोणीही उघडतो. तंबूत झोपताना ते आपल्याच ताब्यात, मुलांच्या हाती लागणार नाही असे असावे. आणि ज्या रात्री मद्य घेतले जाणार, त्या मुक्कामाला ते न्यायचेच नाही.

कोकणच्या सड्यांविषयी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. जांभ्या कातळावर तिरकी लागलेली गोळी उसळून भलत्याच दिशेला जाते, आणि सड्यापलीकडे, झाडीत न दिसणारी, बहुधा एखादी वाडी असते. जनावर हुसकावायला हवेत बार काढण्याची सवयही सोडावी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, इतरांच्या जिवाला धोका होईल अशा निष्काळजी गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. नेमबाजीचा सराव अधिकृत रेंजवरच करावा, आणि तो नियमित करावा. परवान्यासाठीचे सुरक्षा-प्रशिक्षण ही केवळ सुरुवात आहे.

किनाऱ्यावरून परतल्यावर त्याच संध्याकाळी काडतुसे काढून घ्यावीत, नळी आणि चक्रीची सगळी घरे कोरड्या कापडाने पुसावीत, मग तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा. काडतुसांना तेल लावू नये. ते टोपीत (काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या भागात) झिरपले तर बार उडत नाही. ज्या काडतुसांच्या पितळेवर हिरवट डाग दिसतील, ती बाजूला काढून परवानाधारक विक्रेत्याला दाखवावीत. आगोटीच्या आधी एकदा शस्त्र जाणकार कारागिराकडून तपासून घ्यावे, आणि पावसाळाभर ते ओल शोषणाऱ्या पुड्यांसह, होल्स्टरमधून बाहेर काढून, कुलूपबंद पेटीत ठेवावे.