ढगाळ माघ-फाल्गुनात फुलपाखरं पाहायला निघताना

आदल्या संध्याकाळी हवामानाचा अंदाज बघाल तेव्हा किमान तापमानावर थांबू नका, ढग किती आहेत तेही बघा. पुण्यात माघ-फाल्गुनात गार सकाळी दोन तऱ्हांच्या असतात आणि दोन्हींची तयारी वेगळी. आभाळ निरभ्र असेल तर जमिनीची ऊब रात्रीत निघून जाते, पाषाण-शिवाजीनगरकडे पारा दहाच्या आसपास उतरतो, पण नऊ-साडेनऊपर्यंत ऊन तापतं आणि फुलपाखरं उडायला लागतात. ढग असतील तर ते रात्रीची ऊब अडवून धरतात. पहाटे पंधरा-सोळा अंश असतात, स्वेटरही लागत नाही, आणि तरी अकरा वाजले तरी टेकडीवर सामसूम असते.

याचं कारण फुलपाखराच्या छातीत आहे. पंख हलवणारे स्नायू तिथे असतात आणि ते साधारण तीस अंशांच्या आसपास तापले की नीट काम करतात. जातीनुसार हा आकडा थोडा वर-खाली होतो. नुसत्या हवेतून एवढी ऊब मिळत नाही, ती थेट उन्हातून घ्यावी लागते. ब्रिटनमध्ये १९७६ पासून फुलपाखरांची जी पद्धतशीर गणना चालते तिचा नियम असा, की १३ अंशांखाली मोजायचं नाही, १३ ते १७ मध्ये निदान साठ टक्के ऊन हवं, आणि त्याच्या वर पाऊस नसला म्हणजे झालं. हा नियम जसाच्या तसा इथे लावला तर पुण्यातली जवळजवळ प्रत्येक ढगाळ दुपार योग्य ठरेल. म्हणून इथे थर्मामीटरपेक्षा ऊन मोजावं. जमिनीवर पडलेल्या आपल्या सावलीची कड स्पष्ट दिसते का, एवढी एक खूण पुरते. पुसट सावली पडत असेल तर फुलपाखरं पंख पसरून ऊब गोळा करतात, पण लांब उडत नाहीत. सावली अजिबात नसेल तर ती बसलेलीच राहतात आणि तुम्हाला बसलेली फुलपाखरंच शोधायची असतात. ढगाळ दिवसाची सगळी तयारी या एका गोष्टीसाठी करायची.

वेळ आणि जागा त्यावरून ठरते. निरभ्र आणि गार सकाळ असेल तर पाषाण तलावाचा काठ किंवा टेकडीच्या पायथ्याचा ओढा आधी धरू नका. थंड हवा जड असते, ती रात्रभर सखल भागात साचते आणि उतारापेक्षा तिथे जास्त वेळ गारठा राहतो. वेताळ टेकडीचा किंवा तळजाईचा पूर्वेकडे तोंड केलेला उतार सूर्योदयालाच गाठा; फेब्रुवारीच्या सुरुवातीला सूर्य सातनंतर उगवतो. ढगाळ रात्रीनंतर मात्र वर-खाली असा फरक फारसा उरत नाही. तेव्हा लवकर उठून काही साधत नाही. सकाळी दहा ते दुपारी तीन हा सगळा वेळ मोकळा ठेवा आणि जागा निवडताना दोनच गोष्टी बघा, वाऱ्याचा आडोसा आणि झाडं. वेताळ टेकडीवरची जुनी खाण यासाठी चांगली, कारण कातळाच्या भिंती वारा अडवतात आणि ऊन डोकावलं की काळा दगड भराभर तापतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये टेकड्यांवर जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून गवत जाळून मोकळे केलेले पट्टे) काढतात, कुठे वणवेही लागतात. जिथलं गवत जळून गेलं तिथे रात्री विसावणारी फुलपाखरं नसणार, तेव्हा उभं गवत कुठे उरलं आहे ते आधीच एक फेरी मारून पाहून ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ झाडं ओळखायला द्या. ऊन असलं की माणसं फुलांशी उभी राहतात, एकदांडी किंवा घाणेरीवर काही ना काही येतंच. ढगाळ दिवशी फुलांवर गर्दी नसते, त्यामुळे अळ्यांच्या खाद्यवनस्पतींशी शोधावं लागतं, कारण माद्या अंडी घालायला तिथेच येतात आणि अंडी, अळी, कोष यांना ढगांनी फरक पडत नाही. रुईवर प्लेन टायगर हे फुलपाखरू. कढीपत्ता, लिंबू, बेल यांवर कॉमन मॉर्मन आणि लाइम; त्यांच्या लहान अळ्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, म्हणून नजर त्यांच्यावरून सहज घसरते. सोसायट्यांच्या कुंपणाला लावलेल्या खोट्या अशोकावर टेल्ड जे. ओढ्याकाठच्या आणि मुठेच्या काठच्या एरंडावर कॉमन कॅस्टर. रस्त्याकडेच्या कासोदाला कोवळी पालवी असेल तर एमिग्रंट. वाघाटी या दिवसांत फुलते आणि तिच्यावर ग्रेट ऑरेंज टिप, पायोनियर, कॉमन गल अशी तिघांची शक्यता असते. तिचे काटे आकड्यासारखे मागे वळलेले असतात, फांदी ओढून बघू नका. आंब्यावर वाढलेलं बांडगूळ दिसलं तर दुर्बीण वर करा, कॉमन जेझेबेलच्या अळ्या तिथे घोळक्याने असतात. कुंडीतल्या पानफुटीचं पान उजेडासमोर धरा. पानात पोकळ, पारदर्शक डाग दिसले तर आत रेड पिएरोची अळी आहे. ती पानाच्या दोन पापुद्र्यांमधला गर खात पुढे सरकते. आंबुशी तर हिरवळीत आणि कुंड्यांत सगळीकडे उगवते, तिच्यावर पेल ग्रास ब्लू. एवढी झाडं पाठ असली की ढगाळ दिवस रिकामा जात नाही. खुळखुळ्याची किंवा भुरुंडीची वाळलेली रोपं दिसली तर तीही नीट न्याहाळा. ब्लू टायगर, कॉमन क्रो यांचे नर त्यांतलं अल्कलॉइड नावाचं रसायन शोषायला येतात, मादीला आकर्षून घेणारा वास त्यातूनच तयार होतो.

शोधण्याची नजर तयार करावी लागते. मोठ्या झुडपाकडे उभ्याने बघून काही दिसत नाही. गुडघ्यावर बसा आणि पानांच्या खालच्या बाजू, वाळक्या काड्या, गवताची टोकं अशा क्रमाने बघत जा. एका झुडपाला पाच मिनिटं द्या आणि मगच पुढे सरका. ग्रास यलो पानाखाली उलटे लटकलेले असतात आणि मिटलेला पंख पिवळ्या पडलेल्या पानासारखा दिसतो. पानाला देठ असतो, याला पाय असतात, तिथे फरक कळतो. ग्रास ब्लूसारखी छोटी ब्लू फुलपाखरं बहुधा गवताच्या तुऱ्यावर बसतात. दव पडलेल्या सकाळी असा एखादा तुरा जवळून पाहा. करंगळीच्या नखाएवढे राखाडी पंख घट्ट मिटलेले असतात, पंखाच्या कडेच्या बारीक केसांवर दवाचे थेंब ओळीने अडकलेले असतात, मिशा पुढे एकत्र जुळलेल्या असतात. या अवस्थेत ते उडू शकत नाही. बोट लावू नका, फांदी हलवू नका, तोंडाची वाफ जाऊ देऊ नका. पंख बारीक थरथरवायला लागलं तर ते घाबरून स्नायू तापवतं आहे असं समजा आणि दोन पावलं मागे व्हा. गारठ्यात ही शक्ती वाया गेली तर भरून काढायला फुलांवर जायची सोय नसते.

ऊन येऊनही एखादं फुलपाखरू फुलावर हलत नसेल आणि पंख तिरके पडले असतील तर फुलाच्या खालून बघा. बहुतेक वेळा तिथे खेकडा कोळी असतो, फुलाच्याच रंगाचा. ही नोंदही मोलाची आहे, भक्ष्याची जात आणि फूल दोन्ही लिहून ठेवा.

बसलेल्या फुलपाखरांची ओळख पंखांच्या खालच्या बाजूवरून पटवावी लागते आणि इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. आदल्या रात्री वरच्या बाजूची रंगीत चित्रं बघून काही उपयोग नाही, खालच्या बाजूची बघा. ग्रास यलोमध्ये पुढच्या पंखाच्या कोशात (पंखाच्या मुळाजवळ शिरांनी वेढलेल्या बंद जागेत) दोन ठिपके असतील तर कॉमन, तीन असतील तर थ्री-स्पॉट. एमिग्रंटमध्ये खाली बारीक रेघोट्यांची नक्षी असेल तर मॉटल्ड, ती नसेल तर कॉमन. ग्रास ब्लूंमध्ये पुढच्या पंखाच्या कोशातला ठिपका पेल आणि डार्क ग्रास ब्लूला असतो, लेसर ग्रास ब्लूला नसतो. शिवाय हा कोरडा हंगाम आहे, आणि याच हंगामात बऱ्याच जातींचं रूप बदलतं. पीकॉक पॅन्सीच्या पंखांना कोन येतात, खालची बाजू वाळक्या पानासारखी होते. कॉमन ईव्हनिंग ब्राऊनच्या पंखांवरचे डोळ्यांसारखे ठिपके जवळजवळ नाहीसे होतात. पावसाळ्यातला फोटो समोर ठेवून यांना ओळखायला गेलात तर भलतंच नाव द्याल. कॉमन जेझेबेलची मात्र खालची बाजूच भडक, मराठीत त्याला हळदीकुंकू म्हणतात ते पंख मिटल्यावर दिसणाऱ्या पिवळ्या-लाल खालच्या बाजूमुळेच.

सामान थोडंच घ्या. दुर्बीण आठपट मोठं दाखवणारी आणि दोन मीटरवरचं स्पष्ट दिसेल अशी हवी. पक्ष्यांसाठीच्या बऱ्याच दुर्बिणी चार-पाच मीटरच्या आत धूसर होतात, त्या या कामाच्या नाहीत. कॅमेरा असेल तर ९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो लेन्स. गारठलेल्या फुलपाखरासाठी तिपाई लावून एफ ८, १/६० सेकंद, आयएसओ ४०० चालतो. हलणाऱ्यासाठी निदान १/४०० सेकंद हवा आणि ढगाळ उजेडात त्यासाठी आयएसओ १६०० पर्यंत जावं लागतं. मिटलेल्या पंखांचा फोटो घेताना कॅमेऱ्याची पाठ पंखाला समांतर ठेवा, नाहीतर टोक स्पष्ट आणि मूळ धूसर येतं आणि नेमके ते ठिपके हुकतात. मोबाइलवर मॅक्रोऐवजी दुप्पट किंवा तिप्पट झूम वापरा, मॅक्रोला चार-पाच सेंटिमीटरवर जावं लागतं. जाळी नेऊ नका. फुलपाखरांच्या बऱ्याच जाती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आहेत, आणि फोटोवरून होणाऱ्या कामासाठी पकडायची गरजही नसते.

कपड्यांत महत्त्वाचं म्हणजे कुसळं. कुसळी गवत या दिवसांत वाळलेलं असतं, त्याची टोकं विणलेल्या मोज्यांत आणि लोकरी कपड्यांत घुसतात आणि पुढचा तासभर ती काढण्यात जातो. गुळगुळीत कापडाची पँट आणि घोट्यापर्यंतचे बूट घाला. सिंहगड-कात्रजकडे जाणार असाल तर वेलींच्या जाळीत हात घालण्याआधी खाजकुइलीच्या तपकिरी, केसाळ शेंगा आहेत का बघा. दगड उलटू नका, खाली फुरसं असू शकतं.

ढगांना फट पडली की सगळं पटकन घडतं, त्याची तयारी मनात ठेवा. पहिली दोन-तीन मिनिटं जागेवरून हलू नका. पॅन्सी, प्लेन टायगर ही मंडळी पंख सपाट उघडतात. एमिग्रंट आणि ग्रास यलो पंख मिटूनच कूस उन्हाकडे करतात. वरची बाजू बघायची असेल तर पॅन्सीकडे वळा, एमिग्रंटची वाट बघत बसू नका. याच वेळी तुमची सावली पडायला लागलेली असते. ती फुलपाखरावर पडली तर ते उठून जातं, म्हणून सूर्य तोंडासमोर किंवा बाजूला राहील अशी जागा ढगाळ असतानाच धरून ठेवा. फट मिटली की ती पुन्हा बसतात, पण आधीच्याच जागी नव्हे. शेवटचं कुठे उतरलं त्यावर नजर ठेवलीत तर पुढच्या अर्ध्या तासाचं काम सोपं होतं.

दोन-तीन दिवस सलग ढग राहिले तर बाहेर पडू शकणारी बरीच फुलपाखरं कोषातच थांबतात. ऊन पडलेल्या पहिल्या सकाळी नव्याकोऱ्या पंखांची संख्या एकदम वाढलेली दिसू शकते. तो दिवस चुकवू नका. घरच्या कढीपत्त्यावर कोष असेल तर पंख सुकायला गारठ्यात जास्त वेळ लागतो एवढं लक्षात ठेवून त्याला उन्हात नेण्याची किंवा पंख सोडवून देण्याची घाई करू नका.

ढगाळ दिवसाचा एक फायदा आहे तो कॉमन ईव्हनिंग ब्राऊनचा. हे फुलपाखरू मुळातच सावलीतलं, तिन्हीसांजेला उडणारं. आभाळ भरलेलं असलं की दुपारीही पाचोळ्यातून उठतं. त्याच्यासाठी घरच्या बागेत आमिष लावता येतं. सालं काळी पडलेली तीन केळी कुस्करून त्यात पन्नासेक ग्रॅम गूळ मिसळा, झाकून ठेवा. उन्हाळ्यात एका दिवसात आंबणारं हे मिश्रण गारठ्यात दोन-तीन दिवस घेतं. आंबट वास आल्याशिवाय बाहेर काढू नका. बशीत घालून झाडाच्या सावलीत कमरेच्या उंचीवर टांगा आणि दोरीला थोडं तेल लावा, नाहीतर तासाभरात बशी मुंग्यांची होते. आवारात आंबा असेल तर कॉमन बॅरनही येईल. टेकडीवर किंवा वनखात्याच्या हद्दीत हे करू नका.

वहीत प्रत्येक ठिकाणी वेळ, तापमान, सावली स्पष्ट की पुसट की नाहीच, वारा, झाड, जात, संख्या आणि फुलपाखरू काय करत होतं ते लिहा. बसलेलं आणि उडणारं वेगळं मोजा. काहीच दिसलं नाही तर शून्य लिहून तारीख टाका, कारण ढगाळ दिवसांच्या नोंदी मुळातच कमी असतात आणि शून्य न लिहिल्यामुळे कुणी गेलंच नव्हतं की गेलेल्याला काही दिसलं नाही हे नंतर कळत नाही. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायची नोंद त्याच संध्याकाळी टाका, खालच्या बाजूचा फोटो पहिला ठेवा आणि ज्या झाडावर ते बसलं होतं त्या झाडाचाही एक फोटो जोडा.