मांजर माजावर आलीये, आता काय करायचं?
रात्रभर ओरडणं, जमिनीवर लोळणं, शेपटी बाजूला करून मागचा भाग वर उचलणं, हे सगळं बघून काहीजण घाबरतात की हिला दुखतंय का काय, तर नाही, ती हीटमध्ये आहे, ओरडू नका तिच्यावर, उपयोग शून्य.

पहिलं काम म्हणजे दारं-खिडक्या बंद, आणि नुसती जाळी लावून निर्धास्त राहू नका, या दिवसात ती फट शोधतेच, एकदा सटकली की साधारण 63-65 दिवसांनी घरात पिल्लं. दिवसा भरपूर खेळवा म्हणजे रात्री जरा तरी झोपेल. लिटर बॉक्स साफ ठेवा, काही मांजरी इकडेतिकडे शू करतात.

साधारण आठवडाभर चालतं हे, पण बोका मिळाला नाही तर दोन-तीन आठवड्यांत परत सुरू!! हीट थांबवायच्या गोळ्या मनाने देऊ नका प्लीज, गर्भाशयात पू होणं, स्तनाच्या गाठी असले प्रकार होऊ शकतात. नंतर कधी खाणं बंद, पाणी खूप पिणं किंवा खालून घाण स्राव दिसला तर त्याच दिवशी व्हेट.

खरा उपाय नसबंदीच. हीट चालू असताना रक्तस्राव जास्त होऊ शकतो म्हणून बरेच व्हेट थांबायला सांगतात, तेव्हा तारीख आत्ताच घेऊन ठेवा.