राजम्याचं झणझणीत डिप: या चुका टाळा

डिप, म्हणजे भाकरीला लावून खायचं दाट वाटण, बिघडलं की दोष मिक्सरला मिळतो. खरं तर राजमा भिजत घातला त्या रात्रीच निम्मा निकाल लागलेला असतो आणि बाकीचा बराचसा कुकरमध्ये लागतो. म्हणून इथे भिजवण्या-शिजवण्यावर जास्त लिहिलं आहे, वाटण्यावर कमी.

हा पदार्थ मुळात मेक्सिको आणि त्याला लागून असलेल्या अमेरिकेच्या भागातला. तिकडे ठिपकेदार पिंटो किंवा काळी बीन घेतात. आपल्या किराणा दुकानात मिळणारा चित्रा राजमा पिंटोचा अगदी जवळचा भाऊ आहे, वनस्पती एकच, फक्त वाण वेगळे. तो नसेल तर बरबटी (चवळी) घ्या. बरबटी लवकर शिजते आणि साल पातळ असते, पण चव सौम्य असल्यामुळे लसूण-मिरची थोडी वाढवावी लागते.

आठ-दहा माणसांसाठी प्रमाण असं: 250 ग्रॅम राजमा, 10-12 पाकळ्या लसूण, 6 ते 8 सुक्या लाल मिरच्या, 1 मध्यम कांदा, 2 टमाटर, 1 छोटा चमचा जिरं, 4 मोठे चमचे फल्लीतेल, 1 निंबू, मूठभर सांबार (कोथिंबीर), चवीपुरतं मीठ. 250 ग्रॅम कोरडा राजमा शिजून 600 ग्रॅमच्या आसपास होतो. म्हणजे "एवढासाच दिसतो" म्हणून अर्धा किलो भिजवू नका.

राजमा शिजतच नाही

सगळ्यात जास्त तक्रार हीच, आणि कारणं तीन.

पहिलं कारण, जुना माल. राजमा आपल्याकडे बहुतेक बाहेरून येतो आणि तो किती महिने पोत्यात होता हे दुकानदारालाही सांगता येत नाही. टिनाच्या छपराखाली एक उन्हाळा काढलेला राजमा दोन रात्री भिजवला तरी आतून कडकच राहतो, कारण उष्णता आणि दमट हवा यांनी दाण्याची आतली रचनाच बदललेली असते. घेताना दाणा चमकदार आणि सालीला चिरा नसलेला बघा. घरातल्या उरलेल्या राजम्यात नवा मिसळू नका. एकाच कुकरमध्ये निम्मा गळून जातो आणि निम्मा दाताखाली येतो.

दुसरं कारण, पाणी. अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातल्या घरांना हे वेगळं सांगायला नको. तिथे विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळसुद्धा लवकर गळत नाही. विदर्भात इतरत्रही बोअरचं पाणी जड असतंच. गंजाच्या (पातेल्याच्या) तळाशी पांढरा थर बसत असेल तर तुमचं पाणी जड आहे. या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सालीतल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं, मग कितीही शिट्या दिल्या तरी साल मऊ होत नाही. उपाय सोपा आहे: भिजवायला आणि शिजवायला आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या. तेही नसेल तर पाणी खळखळून उकळा, थंड करा आणि तळाचा गाळ सोडून वरचं वापरा. जडपणा सगळा जात नाही, पण बराच उतरतो.

भिजवताना दीड लिटर पाण्यात एक मोठा चमचा मीठ घाला. मिठानं राजमा कडक होतो हा समज उलटा आहे. मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ पडते. पाणी जिभेला आधीच खारं लागत असेल तर मात्र मीठ अर्धं करा. खाण्याचा सोडा पाव छोटा चमचा, तोही भिजवण्याच्या पाण्यातच. त्याहून जास्त सोडा पडला की डिपला साबणासारखी चव येते आणि ब1 जीवनसत्त्वही जातं.

तिसरं कारण, आंबट. टमाटर, चिंच, दही, निंबू यांपैकी काहीही राजमा पूर्ण शिजायच्या आधी कुकरमध्ये गेलं तर साल तिथेच आखडते. घाईत सगळं एकत्र टाकून शिट्या काढण्याची सवय इथे नडते.

भिजवण्याचा वेळ 8 ते 10 तास. एप्रिल-मे महिन्यात रात्रभर बाहेर ठेवलेल्या पाण्याला फेस येतो आणि आंबूस वास सुटतो. त्या दिवसांत 6 तास पुरे, किंवा मधे एकदा पाणी बदला.

अर्धवट उकडलेला राजमा: इथे खेळ नको

कच्च्या राजम्यात, विशेषतः लाल राजम्यात, लेक्टिन नावाचा विषारी घटक असतो. थोडे कच्चे दाणे पोटात गेले तरी एक ते तीन तासांत मळमळ, उलट्या, मग जुलाब सुरू होतात. तो घटक उकळीत नष्ट होतो, पण उकळी खरी हवी. निखाऱ्यावर गंज ठेवून तासन्‌तास मंद शिजवलेला राजमा मऊ लागतो आणि तरीही धोक्याचा असू शकतो. 80 अंशांच्या आसपास शिजला तर त्रास कच्च्या राजम्यापेक्षाही जास्त होऊ शकतो.

म्हणून भिजवलेलं पाणी फेकून द्या, राजमा दोनदा धुवा आणि नव्या पाण्यात शिजवा. कुकर असेल तर काळजी नाही, त्यात तापमान 100 अंशांच्या वर जातं. मोठ्या आचेवर एक शिटी, मग बारीक आचेवर 18 ते 20 मिनिटं आणि वाफ आपोआप उतरू द्या. चुलीवर गंजात करत असाल तर सुरुवातीची 30 मिनिटं पाणी सतत खळखळत राहिलं पाहिजे, त्यानंतर जाळ कमी करा. बरबटीत हा घटक खूप कमी असतो. तिला दोन शिट्या आणि 6-7 मिनिटं बारीक आच पुरते.

झाला की नाही हे एका दाण्यावरून ठरवू नका. वरचे दोन, मधला एक, तळाचे दोन असे पाच दाणे चिमटीत दाबा. पाचही जोर न लावता चेपले पाहिजेत. भाजीसाठी "झाला" असं वाटतो त्याच्या पुढे आणखी एक पायरी डिपला लागते. शिजवलेलं पाणी फेकू नका, एक वाटी बाजूला ठेवा. शिजलेला राजमाही एक वाटी अख्खा वेगळा काढा, त्याचं काम पुढे आहे.

आणि राजमा महाग पडतो म्हणून भंडारा-गोंदियाकडे लाखोळीवर हा प्रयोग करावासा वाटेल, तो करू नका. लाखोळीतला दोष वेगळा आहे. ती रोज भरपूर खाल्ली तर पायांच्या नसांवर परिणाम होतो. चटकदार डिप म्हणून ती पोटात जास्त जाईल, हे नकोच.

तिखट आहे, पण चव नाही

मिरचीचा तिखटपणा तेलात विरघळतो, पाण्यात जवळजवळ नाही. मिरच्या नुसत्या पाण्यात वाटून घातल्या तर जीभ भाजते, पण रंग आणि वास येत नाही. म्हणून आधी तेल.

भिवापुरी मिरची मिळाली तर तीच घ्या. नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरच्या या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, आणि रंग व तिखटपणा दोन्ही तिच्यात आहेत. देठ काढा, मिरची मोडून बिया झटका. तिखटपणा खरा आतल्या पांढऱ्या शिरांत असतो, बियांना तो त्यांच्याकडूनच लागतो. लहान मुलांसाठी करत असाल तर शिराही काढा.

तेल मध्यम तापवा, आच बारीक करा, मिरच्या 20-30 सेकंद परता. गडद लाल झाल्या की लगेच बाहेर. काळ्या पडल्या तर त्या फेका, तेलही फेका. तो कडवटपणा गुळानं, निंबानं, कशानंच झाकला जात नाही. तिखटाची पूड वापरायची असेल तर गॅस बंद करून एक मिनिट थांबा, मग दोन छोटे चमचे पूड घाला आणि तिला रंग सुटला की लगेच त्यावर पळीभर राजम्याचं पाणी ओता, म्हणजे ती जळायची थांबते. चुलीवरची कढई उतरवल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, तिथे दोन मिनिटं थांबा.

जास्तच तिखट झालं? पाणी घालू नका, त्यानं डिप पातळ होतं आणि जाळ तसाच राहतो. बाजूला ठेवलेला वाटीभर राजमा आता वाटून घाला. त्यानंही भागलं नाही तर भाजलेल्या फल्लीदाण्यांची दोन चमचे पेस्ट किंवा वाढायच्या वेळी घट्ट दही. तिखट बघायची घाईही नको. वाटल्या वाटल्या कमी लागतं, अर्ध्या तासानं मिरची डिपमध्ये उतरते आणि मग खरी चव कळते. तिखट जास्त झालंच नाही, तर ती वाटी शेवटी अख्खीच मिसळा, घासात मधेमधे दाणा चांगला लागतो.

वाटताना

आधी लसूण, तळलेल्या मिरच्या, भाजलेलं जिरं आणि थोडं मीठ असं कोरडं वाटा, राजमा त्यानंतर. उलटं केलं तर लसणाचे तुकडे राजम्यात दडून बसतात. मीठ बेतानंच, भिजवताना घातलेलं थोडं आत गेलेलं असतं.

राजमा कोमट असताना वाटला की गुळगुळीत होतो, गार झाला की पीठ आळून रवाळ राहतो. पण कढत राजमा भांड्यात गच्च भरून झाकण लावलं तर वाफेनं झाकण उडतं. भांडं अर्धंच भरा. पाती नुसत्या फिरतात आणि राजमा हलत नाही, असं झालं तर बंद करून सराट्यानं ढवळा, दोन चमचे राजम्याचं पाणी घाला. मिक्सर अचानक बंद पडला तर बहुतेक वेळा तो जळलेला नसतो. भांडं उतरवा, 10-15 मिनिटं थंड होऊ द्या, खालचं लाल बटण दाबा. संध्याकाळी वीज कमी दाबानं येते तेव्हा मोटर नुसती घुमते आणि तापते. त्या वेळी पाटा-वरवंटा काढलेला बरा. पाट्यावरचं डिप थोडं जाडसर होतं आणि आमच्या मते तेच भाकरीसोबत जास्त चांगलं लागतं.

वाटल्यावर परतणं टाळू नका

बरेच जण वाटलं की झालं असं समजतात. मेक्सिकन पद्धतीत खरी चव पुढच्या पायरीत येते. कढईत मिरचीचं तेल तापवून बारीक चिरलेला कांदा लालसर करा, मग निखाऱ्यावर भाजून साल काढलेले टमाटर चेचून घाला. त्यांचं पाणी पूर्ण आटलं पाहिजे. ते न आटवल्यामुळेच दुसऱ्या दिवशी डिपवर पाणी सुटतं. आता वाटण घालून मध्यम आचेवर 6 ते 8 मिनिटं सतत हलवत परता. डिप कढईच्या कडा सोडायला लागलं की थांबा. उडालेले थेंब चांगलेच भाजतात, सराटा लांब दांड्याचा घ्या.

गरम असताना डिप हवं त्यापेक्षा सैल ठेवा, पातळ चुनासारखं (पिठल्यासारखं) सराट्यावरून ओघळेल इतकं. गार झालं की ते आपोआप घट्ट होतं. चुलीवरच "बरोबर घट्ट" केलेल्या डिपचा तासाभरात गोळा होतो. तो सैल करायला गरम पाणी चमच्या-चमच्यानं घाला. उलट डिप पातळ झालं असेल तर रुंद कढईत आणखी आटवा. बेसन किंवा कॉर्नफ्लोर घालून घट्ट करू नका, कच्चट लागतं.

निंबू आणि सांबार डिप कोमट झाल्यावरच. निंबाचा रस उकळला की कडवट होतो आणि सांबार काळा पडतो. जवस घालायचा मोह आपल्याकडे होणारच. भाजून कुटलेला जवस वाढताना वरून भुरभुरा. आत मिसळून ठेवला तर तो चिकट होतो आणि डिपला तार सुटते.

ठेवताना

वर तेलाचा थर दिला की लोणच्यासारखं टिकेल, ही सगळ्यात धोक्याची समजूत. डिपमध्ये लोणच्याइतकं मीठ नाही, आंबटही पुरेसं नाही. तेलाखाली हवा पोचत नाही, आणि नेमक्या अशाच जागी लसणासोबत आलेले काही जिवाणू विष तयार करतात. त्याला दर वेळी वास येतोच असं नाही.

साध्या हवेत दोन तास, आणि पारा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. विदर्भातल्या उन्हाळ्यात एक तास हाच हिशोब धरा. लग्नकार्यात किंवा शेतावर न्यायचं असेल तर छोट्या डब्यांत भरा आणि लागेल तसा एकेक उघडा. फ्रिजमध्ये तीन दिवस. उथळ डब्यात भरून लवकर गार करा. खोल गंजात मधला भाग कितीतरी तास कोमटच राहतो. वीज गेली तर फ्रिजचं दार उघडू नका, बंद दारामागे चार तास निभतं. त्याहून जास्त वेळ गेली तर डिप टाकून द्या.

फ्रिजमधून काढलेलं डिप सैल करायला दोन चमचे पाणी घालून मधोमध बुडबुडे येईपर्यंत गरम करा, तेही जेवढं लागेल तेवढंच. सगळा डबा पुन्हा पुन्हा तापवू नका. तिसऱ्या दिवशी उरलंच तर त्यात दोन वाट्या गरम पाणी घाला, वरून लसणाची फोडणी द्या आणि एक खळखळून उकळी काढा. ज्वारीच्या भाकरीसोबत रस्सा म्हणून त्याच जेवणात संपतं.