कडुनिंबाचे कीटकनाशक घेताना काय तपासावे

वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक, असे मुळीच गृहीत धरू नये. तंबाखूतल्या निकोटीनपासून बनणाऱ्या निकोटीन सल्फेट या कीटकनाशकाच्या वापरावर भारतात बंदी आहे. म्हणून अझाडिरॅक्टिन हा कडुनिंबातला कीडनाशक घटक असलेले औषध घेताना, कीटकनाशके अधिनियम, १९६८ नुसार मिळालेला नोंदणी क्रमांक, ३००, १५०० की १०,००० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) हे या घटकाचे प्रमाण, मुदतीची तारीख आणि विषारीपणा दर्शवणारा रंगीत त्रिकोण लेबलवर पाहावा. प्रमाणानुसार मात्रा बदलते, त्यामुळे शेजाऱ्याने सांगितलेले माप आपल्या बाटलीला लावू नये. नोंदणीपूर्वी परिणामकारकता, विषाक्तता व अवशेष यांची माहिती विशिष्ट वापरासाठी तपासली जाते. म्हणून लेबलवर नसलेल्या पिकावर फवारणी टाळावी. उन्हात अझाडिरॅक्टिनचे लवकर विघटन होते, तेव्हा फवारणी संध्याकाळी करावी. पक्की पावती जरूर घ्यावी.